आवाज कुणाचा?

परवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये आमच्या टीममधल्या एका पठ्ठ्याने त्याची जुनी मारुती जिप्सी आणली होती. त्याने किल्ली फिरवली आणि अंधेरी एमआयडीसीतल्या त्या बेसमेण्टमध्ये असा काही आवाज घुमला की लिफ्टची वाट बघणारे झाडून सगळे वळले. एचआरवाली मॅडमसुद्धा!

''हेडर बसवलाय,'' तो कॉलर ताठ करत म्हणाला. ''फोर-टू-वन.''

झालं. त्या दिवशी एक्सेल शीटमध्ये मला आकड्यांऐवजी पाइप दिसायला लागले.

आता माझ्याकडे आहे काय? लोकलचा पास आहे, मेट्रोचं कार्ड आहे आणि बाबांची पिकअप आहे. मुलुंडला बाबांचा मांडव-डेकोरेशनचा धंदा. त्या पिकअपने अठरा वर्षं बांबू, ताडपत्र्या आणि खुर्च्या वाहिल्यात. माणूस असती तर यंदा मतदान केलं असतं तिने. कंपनी कुठली ते सांगत नाही. या वयात गुडघे दुखले तर त्यात आईबापांचा दोष नसतो. रविवारी धंदा नसला की गाडी माझ्या ताब्यात असते. तिच्यात बसून मी स्वत:ला टेक्सासमधला शेतकरी समजतो आणि डी-मार्टला जाऊन येतो.

बोनसमधले पंधरा हजार शिल्लक होते. ठरवलं, पिकअपला हेडर बसवायचा. स्वस्तात. गणपतीच्या आधी.

घाटकोपरचा जिना

हेडर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (मलाही आठवडाभरापूर्वी नव्हतं) एक सोपं उदाहरण. सकाळचे साडेनऊ, घाटकोपर स्टेशन. लोकल थांबते, चार डब्यांतली माणसं एकदम उतरतात आणि मेट्रो गाठायला एकाच जिन्यावर तुटून पडतात. पुढचा हलत नाही, मागचा ढकलतो. बिडाच्या साध्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं थोडंफार असंच असतं. चार सिलिंडरचा जळका धूर एका आखूड, जाडजूड नळकांड्यात कोंबायचा आणि तिथून सायलेन्सरकडे ढकलायचा.

आता समजा, प्रत्येक डब्याला स्वतंत्र जिना दिला, सगळे जिने साधारण सारख्याच लांबीचे केले आणि ते वर पुलावर आळीपाळीने येऊन मिळाले, तर? तो झाला हेडर. यात आणखी एक गंमत आहे. एका सिलिंडरचा धूर वेगाने निघून गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि तो कमी झालेला दाब पुढच्या सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेतो. इंजिनाला श्वास सोडायला कमी कष्ट पडतात. ती वाचलेली ताकद चाकांना मिळते.

चार पाइप थेट एकात मिळाले तर फोर-वन. आधी दोन-दोनच्या जोड्या आणि मग एक, तर फोर-टू-वन. बहुतेक चार सिलिंडर इंजिनांत स्फोटांचा क्रम 1-3-4-2 असा असतो, म्हणून जोड्या लागतात 1-4 आणि 2-3 अशा. फोर-वनचा फायदा मुख्यत: इंजिन जोरात फिरतं तेव्हा. फोर-टू-वनचा फायदा खालच्या आणि मधल्या वेगात, म्हणजे आपल्या एलबीएस मार्गावर मिळतो तेवढ्या वेगात! माल वाहणाऱ्या गाडीला कुठला हवा, हे वेगळं सांगायला नको.

एवढा अभ्यास करून मी शनिवारी पिकअप काढली आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठला.

पाइप बघावा ठोकून

गाड्यांच्या स्पेअर पार्ट आणि अॅक्सेसरीजसाठी उपनगरातल्या माणसाला सीएसटी रोड म्हणजे पंढरी. इथे नवं मिळतं, जुनं मिळतं आणि 'नवंच आहे समजा' असंही मिळतं. तीन दुकानं फिरलो. पहिल्याने 'युनिव्हर्सल' नावाचा तयार हेडर साडेचार हजारांना दाखवला. दुसऱ्याने साध्या लोखंडाचा, म्हणजे एमएसचा, गाडीच्या मापाने बनवून द्यायचे साडेनऊ सांगितले. तिसऱ्याने स्टेनलेस स्टीलचे एकोणीस हजार सांगून वर चहा पाजला. एकोणीस हजारांच्या माणसाचा चहा जरा जास्तच गोड लागतो.

तुमच्यापैकी कुणी जुनी पेट्रोल गाडी घेऊन या वाटेने जाणार असाल, तर फिरून फिरून मला जे कळलं ते इथे देऊन टाकतो.

'युनिव्हर्सल' या शब्दाचा अर्थ 'कुठल्याच गाडीला नीट न बसणारा' असा घ्यावा. स्टिअरिंगचा रॉड, स्टार्टर, ब्रेकची नळी यांच्यामधून पाइप जायचा असतो. तो चिकटला तर आधी नळी भाजते आणि मग तुम्ही.

फ्लॅन्ज, म्हणजे इंजिनाला टेकणारी पट्टी, जाड हवी. आठ-दहा मिलिमीटर असेल तर बरं. पातळ पट्टी गरम होऊन वाकते आणि सांध्यातून धूर फुसफुसतो. पाइपचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आत असेल तर सरळ नको म्हणा. वेल्डिंग बाहेरून सगळेच सुबक करतात. आत बोट घालून बघा. आत गोळे आले असतील तर धुराच्या वाटेत स्पीडब्रेकर घातल्यासारखेच आहेत.

'जितका जाड पाइप तितका पॉवर' हा शुद्ध गैरसमज. पाइप गरजेपेक्षा मोठा झाला की धुराचा वेग पडतो आणि खालच्या वेगातली ओढ उलट कमी होते. बाग भिजवताना पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवतो तो कशाला?

एमएस स्वस्त, पण मुंबईची हवा आणि पावसाळा त्याला खातो. त्यावर चांगलं कोटिंग हवं. कापडी पट्टी गुंडाळून घेण्याची फॅशन आहे, तिच्यात ओल धरते आणि आतल्या आत लोखंड सडतं. स्टेनलेस टिकतं, पण ते तापून जास्त पसरतं, त्यामुळे वेल्डिंग कच्चं असेल तर सांधा तडकतो. म्हणजे महाग घेतलं तरी कारागीर बघायचाच. आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला हेडर लावला की जेट आणि मिक्श्चर पुन्हा जुळवायला लागतं. तो खर्च दुकानदार सांगत नाही. तो नंतर कळतो.

'आवाज आधीच करतेय'

साडेनऊ हजारवाल्याकडे मी जवळपास 'हो' म्हणणारच होतो. ''बसवणार कोण?'' विचारलं तर त्याने गल्लीतल्या एका गॅरेजकडे बोट दाखवलं. तिथे साठीचे एक उस्ताद स्टुलावर बसून वडापाव खात होते. मी हेडरचं भाषण सुरू केलं. घाटकोपरच्या जिन्यासकट.

त्यांनी वडापाव संपवला, हात पुसले आणि एकच प्रश्न विचारला. ''डिझल है ना? टर्बो?''

''हो.''

''तो जिना किधर चढेगा? सीढी के ऊपर तो टर्बो बैठा है.''

माझी बोलती बंद. टर्बो डिझेलमध्ये धूर मॅनिफोल्डमधून निघून थेट टर्बोच्या चक्रात जातो. त्या गरम धुराच्या जोरावर चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. तिथे पेट्रोल गाडीसारखे लांबच लांब पाइप लावायचे म्हणजे टर्बोला मिळणारी उष्णता वाटेतच घालवायची. शिवाय टर्बोचं वजन पेलायला बिडाचं जाड मॅनिफोल्डच लागतं. बारीक पाइपांवर तो टांगला तर वर्षभरात कुठेतरी तडकणार. माझ्या पिकअपला माझा हेडर नुसता अनावश्यक नव्हता, तो चुकीचा होता.

''मग आवाज?'' मी केविलवाण्या सुरात विचारलं.

''आवाज तो ये पहले से कर रही है. सुनो.''

त्यांनी मला गाडी चालू करायला लावली. चहा-खरेदीत तास-दीड तास गेला होता, इंजिन गार झालं होतं. टिक-टिक-टिक-टिक. हा आवाज मला माहीत होता. रोज सकाळी येतो, दहा मिनिटांत कमी होतो. मी त्याला 'टॅपेटचा आवाज, जुनी गाडी आहे, चालायचंच' असं म्हणून सोडून दिलं होतं. उस्तादांनी बॉनेट उघडून टॉर्च मारला. मॅनिफोल्डच्या मधोमध, इंजिनाला टेकतो तिथे, काजळीचा एक लांब काळा ओघळ होता आणि त्याच्या टोकाला केसाएवढी चीर. लोखंड गार असताना चीर उघडी, धूर टिक-टिक करत बाहेर. लोखंड तापून फुगलं की चीर मिटते, आवाज दबतो. आपण खूश.

टर्बोच्या आधीच धूर गळला की टर्बोला जोर कमी. जोर कमी म्हणजे हवा कमी, हवा कमी म्हणजे डिझेल अर्धवट जळणार आणि मागून काळा धूर. गेले दोन महिने गाडी चढावर मरगळते म्हणून मी तिच्यासाठी हेडर शोधत होतो! गुडघ्याला चीर गेलेल्या म्हातारीला स्पोर्ट्स शूज घ्यायला निघालो होतो म्हणा ना.

काच नेहमी खाली

उस्ताद बॉनेट लावता लावता सहज बोलले, ''चलाता कौन है? उसका सर दुखता होगा.''

आणि मला एकदम आमचे ड्रायव्हरकाका आठवले.

काका कणकवलीकडचे. मी शाळेत असल्यापासून आमच्याकडे. मी रविवारी तासभर गाडी चालवतो. ते आठवड्याचे सहा दिवस, सीझनला रोज बारा-बारा तास. भर पावसात त्यांची काच खाली असायची. एक बाही कायम ओली. मी त्यावर जोकसुद्धा केला होता, 'काका, विडीसाठी किती भिजता!' ते हसले होते. गेल्या महिन्यात दोनदा त्यांनी बाबांकडे डोकेदुखीची गोळी मागितली, तेव्हा आई म्हणाली होती, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

घरी आल्यावर विचारलं, ''काका, केबिनमध्ये धूर येतो?''

''येता मरे थोडो,'' ते म्हणाले. ''डोक्या जड होता. माका वाटला, वय झाला आता.''

त्यांना वाटलं वय झालं. मला वाटलं टॅपेट. आईला वाटलं चष्मा. बॉनेटखालचा धूर मात्र पेडलच्या भोकांमधून, वायरींच्या झिजलेल्या रबरांमधून आणि हवेच्या जाळीतून मुकाट्याने केबिनमध्ये शिरत होता. डिझेलच्या धुराला कर्करोग होण्याचं कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 सालीच पहिल्या गटात घातलंय. त्यातल्या त्यात डिझेलचा धूर वासाने कळतो तरी. पेट्रोल गाडीच्या गळतीतला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास असतो. एसी लावून काचा बंद केलेल्या गाडीत डोकं जड झालं, मळमळलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर 'ट्रॅफिकचा त्रास' म्हणून सोडू नका. बॉनेट उघडा.

मला खरं तर लाज वाटली. पार्किंगमध्ये चार डोकी वळावीत म्हणून माझं पंधरा हजारांचं बजेट होतं. दोन महिने धूर गिळणाऱ्या माणसासाठी मी बॉनेटदेखील उघडलं नव्हतं.

पावणेसहा हजारांची गोष्ट

रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं. हेडरसकट. ते भात कालवता कालवता थांबले. ''गिऱ्हाईक गाडीचा आवाज ऐकून पैसे देत नाही रे,'' म्हणाले. ''मांडव वेळेवर उभा राहिला की देतं. आणि तो काकांच्या हातून उभा राहतो. उद्या गाडी बाहेर काढायची नाही.''

गणपतीला तीन आठवडे होते. सीझनच्या तोंडावर गाडी घरी बसवणं म्हणजे काय, ते धंदेवाल्या घरातल्यांनाच कळेल. बाबांनी दोन दिवस भाड्याचा टेम्पो सांगितला.

उस्तादांनी तीन पर्याय दिले होते. एक, आहे त्याच मॅनिफोल्डला वेल्डिंग. स्वस्त, पण बिडाचं वेल्डिंग नाजूक काम. आधी सगळा तुकडा सावकाश तापवायचा, निकेलची कांडी वापरायची, मग सावकाश गार होऊ द्यायचा. घाईत केलं तर जोडाच्या शेजारी नवी चीर ठरलेली. दोन, नवा कोरा. तीन, त्याच मॉडेलच्या भंगारात निघालेल्या गाडीचा जुना ओरिजिनल, पण तपासून आणि फेसिंग मारून.

मी तिसरा घेतला. तपासायची युक्ती उस्तादांनीच दाखवली. तुकडा दोरीला टांगायचा आणि हातोडीने हलकेच ठोकायचा. देवळातल्या घंटेसारखा वाजला तर अखंड. 'थड्' वाजला तर कुठेतरी चीर आहे. मग सपाट काचेवर ठेवून बघायचं, डगडगला तर मशीनवर घासून घ्यायचा. हेच ते फेसिंग.

हिशेब असा: जुना मॅनिफोल्ड 2200, फेसिंग 400, गॅसकेट 350, नवे स्टड आणि नट 480, मजुरी 1500, केबिनच्या भिंतीतली रबरं 120. आणि एक जुना स्टड खोलताना इंजिनातच तुटला, तो काढायचे 700. एकूण 5750. हा तुटणारा स्टड जुन्या गाडीच्या बजेटमध्ये आधीच धरून ठेवा. आदल्या रात्री गंजावर तेल सोडून ठेवलं तर वाचण्याची शक्यता असते, खात्री नसते. नवे नट आवळताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं आणि दोन-चार दिवस गाडी तापून गार झाली की पुन्हा एकदा बघायचं. हे दुसऱ्यांदा बघणं सगळे विसरतात आणि गॅसकेट पुन्हा फुंकतं.

आणि हो, पोलीसमामा

माझ्या डोक्यातला आवाज मी बसवलाच असता तर पुढे काय वाढून ठेवलं होतं, तेही बघून घेतलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करायचे नाहीत. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम 190(2): 2019च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. सायलेन्सरला बगल देऊन धूर सोडणारा कटआउट वापरला तर कलम 194 एफ वेगळंच. त्यात आमची पिवळ्या पाटीची, मालवाहू गाडी. आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस. इन्स्पेक्टरसमोर ती गुरगुरली असती तर सर्टिफिकेट लटकलं असतं आणि बाबांचा सीझन त्यासोबत.

आणि शेजारी? सन 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. मांडव घालून घरी यायला काकांना रात्रीचा एक वाजतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दोन नंबरच्या मजल्यावर राहतात. आणखी काय सांगू?

गायमुखला

गणपतीच्या आधीच्या शनिवारी बोरिवलीला मोठ्या मंडळाचा माल पोचवायचा होता. मुलुंडहून घोडबंदर रोडने निघालो. काका चालवत होते, मी शेजारी. मागे बांबू आणि पत्रे, वर ताडपत्री, त्यावर धो धो पाऊस. गायमुखच्या चढाला गेल्या महिन्यात हीच गाडी पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत होती. या वेळी काकांनी दुसरा टाकला आणि ती त्यावरच वर गेली. रेसिंग कार झाली नव्हती, पण हमाल जसा ओझं खांद्यावर नीट बसवून चालायला लागतो तशी चालत होती. मागच्या आरशात बघितलं, काळा धूर नव्हता.

मी कान देऊन ऐकत होतो. टिक-टिक गेली होती. इंजिनाची घरघर, वायपरची खरखर, पावसाचा ताडपत्रीवरचा ताशा. बस.

घाट उतरल्यावर काकांनी डावा हात स्टिअरिंगवर ठेवला, उजव्या हाताने दाराचं हॅण्डल फिरवलं आणि काच वर घेतली. पूर्ण वर. मग ओली बाही पिळून ते गाडी चालवू लागले. दोघेही काही बोललो नाही.

सोमवारी ऑफिसात जिप्सीवाल्याने विचारलं, ''काय मग, बसवला का हेडर?''

''नाही रे. गॅसकेट बसवलं.''

''आवाज कसा येतो?''

''येतच नाही,'' मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. संध्याकाळी मी त्याला पार्किंगमध्ये नेलं आणि गार जिप्सीचं बॉनेट उघडायला लावलं. फ्लॅन्जच्या कडेला काजळीचा बारीकसा ओघळ होता. कुर्ल्याच्या उस्तादांचा पत्ता त्याला दिलाय.